पॅड ज्याचं, बोट त्याचं

आप्पांच्या दुकानात लॅपटॉप घेऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न 'काय बिघडलंय' हा नसायचा. "हात धुतलं का?" हा असायचा. दाराशी एक बादली, तांब्या आणि कपड्याच्या साबणाची अर्धी वडी ठेवलेली असे. हात धुवायचे, पुसायचे, उलटसुलट करून दाखवायचे, मग लॅपटॉप टेबलावर. एकदा एक साहेब चिडून म्हणाले, "मी काय जेवायला आलोय का?" आप्पा शांतपणे म्हणाले, "जेवायला आला असता तर म्हणलो नसतो. तवा तुमच्या हाताचं तुमच्या पोटात गेलं असतं. हितं लॅपटॉपच्या पॅडात जातंय." साहेबांनी हात धुतले.

विट्यात एसटी स्टँडच्या मागे एका गाळ्याचे आम्ही दोन वाटेकरी होतो. पुढच्या अर्ध्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं काम, मागच्या अर्ध्यात आप्पांची लॅपटॉप दुरुस्ती. मधे प्लायवूडचं पार्टिशन, आणि ते वरून हातभर उघडं. त्यामुळे त्यांचं सगळं मला ऐकू यायचं आणि माझं सगळं त्यांना. सहा वर्षं असं गेलं. एवढ्या काळात माणूस कळतो असं म्हणतात. मला आप्पांची खोड कळायला तीन वर्षं लागली आणि खोडीमागचं कारण कळल्यावर मी तीन वर्षं गप्प बसले.

आप्पा मूळचे गलाईवाले. आमच्या भागात घरटी एक माणूस कुठल्या तरी लांबच्या शहरात सोनं गाळत बसलेला असतो, तसे हे तीस वर्षं तमिळनाडूत बसले होते. जुने दागिने आटवायचे, ॲसिडात टाकायचे, शुद्ध सोनं वेगळं काढायचं. पुढे गाळायला यंत्रं आली तेव्हा ते म्हणाले, आता यंत्राकडंच जाऊ. त्यांच्या खोलीखाली एक तमिळ लॅपटॉपवाला होता. त्याच्या शेजारी बसून त्यांनी काम शिकून घेतलं आणि पन्नाशी ओलांडल्यावर गावाकडे परत आले.

सोनाराघरची सवय मात्र सुटली नाही. स्क्रू ठेवायला पितळी तराजूची पारडी होती. स्क्रू मोजायचे ते तमिळमध्ये, ओण्णु, रेंडु, मूणु. बोलणं विट्याचं आणि मोजणी तिकडची. दुकान रोज स्वतः झाडायचे, पण केर बाहेर जायचा नाही. तो एका पत्र्याच्या डब्यात साठायचा आणि महिनाअखेरीला आप्पा तो चाळणीतून चाळायचे. त्यातून निघायचे दोन स्क्रू, एखादं कीबोर्डचं बटण आणि पुष्कळ केस. मी म्हणायचे, "आप्पा, सोनं सापडलं का?" ते म्हणायचे, "केर आदी चाळायचा, ताई. मग केर म्हणायचा."

टचपॅडचे रोगी त्यांच्याकडे जास्त यायचे. दुसरे दुकानदार 'माऊस लावा आणि वापरा' म्हणून वाटेला लावायचे आणि ते लोक आप्पांकडे यायचे. आप्पांना त्या वाक्याचा राग होता. "पाय दुखतोय म्हणल्यावर काठी देणारा डॉक्टर कसला?"

एका गुरुजींचं पॅड वर्षभर बंद होतं. वर्षभर ते माऊस घेऊन वर्गावर जायचे. आप्पांनी लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. वरच्या रांगेतलं एक बटण दुसऱ्या बटणाबरोबर दाबलं आणि पॅड सुरू झालं. गुरुजींच्या हातून कधीतरी तेच बटण दाबून पॅड बंद झालेलं होतं. गुरुजी ओशाळले. आप्पांनी त्यांना तसं सोडलं नाही, बटणावरचं बारीक चित्र भिंगातून बघायला लावलं आणि पुन्हा दोनदा बंद-चालू करून घेतलं.

दुसरा एक पोल्ट्रीवाला. त्याचं पॅड मधून वर आलं होतं, दाबलं जात नव्हतं. त्याने घरी काय केलं, तर रात्रभर त्यावर वीट ठेवली. "फुगलंय जरा, बसवून द्या," म्हणाला. आप्पांनी पॅडाकडे एकदा पाहिलं आणि मला, पोल्ट्रीवाल्याला, माझ्याकडच्या दोन गिऱ्हाइकांना रस्त्यावर उभं केलं. पॅडाखालची बॅटरी फुगून त्याला वर ढकलत होती. आप्पांनी ती लांब चिमट्याने काढली आणि मागच्या बोळात वाळूच्या बादलीत नेऊन ठेवली. परत येऊन म्हणाले, "पोट फुगलेल्या मान्साच्या छातीवर वीट ठेवतो का रं?" पोल्ट्रीवाला म्हणाला, "न्हाई." "मग?" पोल्ट्रीवाल्याने नव्या बॅटरीची किंमत विचारली.

आता त्या खोडीकडे येते.

दुरुस्ती झाली की आप्पा लॅपटॉप गिऱ्हाइकाकडे वळवायचे आणि म्हणायचे, "बोट द्या." मग गिऱ्हाईक बोट ठेवायचं, पडद्यावरचा बाण पळायचा, आप्पा मान हलवायचे. स्वतः कधी पॅडला बोट लावायचे नाहीत. काम करताना एक जुना माऊस जोडायचे. गिऱ्हाईक पुढे नसलं तर पार्टिशनवर टकटक व्हायची, "ताई, एक बोट." मी फॉर्म अर्धा सोडून जायचे आणि बोट फिरवून यायचे. कोणी विचारलं तर आप्पांचं ठरलेलं उत्तर होतं, "पॅड ज्याचं, बोट त्याचं. माझ्या बोटानं चाललं म्हंजे तुमच्या बोटानं चालंल कशावरनं?" लोकांना ते पटायचं. मलाही तीन वर्षं पटलं होतं, फक्त माझं बोट कुठल्या हिशेबात बसतं हे विचारायचं मला सुचलं नाही.

मग रेशनकार्डाला ठसा द्यायचं निघालं आणि आप्पा गिऱ्हाईक म्हणून माझ्या बाजूला आले. ठसा घ्यायच्या यंत्रावर त्यांनी अंगठा ठेवला. यंत्राने घेतला नाही. दुसरा ठेवला, मग एकेक करून दहाही बोटं झाली. काचेवर काही ठेवलंय हेच यंत्र मानायला तयार नव्हतं. मी त्यांचा हात पालथा-उताणा केला आणि पहिल्यांदा नीट पाहिला. बोटांची टोकं जाड आणि गुळगुळीत होती, त्यांवर एकही रेघ नव्हती. कातडं चामड्यासारखं झालं होतं. तीस वर्षांच्या ॲसिडने ते काम केलं होतं.

"आप्पा," मी म्हणाले, "लॅपटॉपच्या पॅडलापण हे कळत नसणार."

 ते उठून आधी दाराबाहेर कोणी आहे का ते बघून आले.

"न्हाई कळत," ते म्हणाले. "बाण जागचा हलत न्हाई. ताई, हे कुणाला बोलू नका. ज्याचं बोट पॅडला चालत न्हाई त्याच्याकडं पॅड कोण आणंल? आंधळ्याकडं चष्मा करायला टाकल्यागत हुईल. हे दुकान म्हंजे माझं सगळं हाय."

मी शब्द दिला. त्यांच्या ठशाचं काम पुढे तहसीलमध्ये डोळे स्कॅन करून भागलं. पण त्या दिवसापासून 'ताई, एक बोट' ऐकलं की मला बरं वाटेनासं झालं. एवढा हुशार माणूस, आणि रोज दहा वेळा आपलं गुपित म्हण करून लोकांच्या गळी उतरवत होता. मला त्यांची कीव आली नाही, राग आला. सांगून टाका आणि मोकळे व्हा, असं मी दोनदा म्हणाले. दोन्ही वेळेला ते केर चाळायला बसले.

मागच्या उन्हाळ्यात माण तालुक्यातली एक मुलगी तिचा लॅपटॉप घेऊन आली. मीच तिला पार्टिशनमागे पाठवलं होतं. वडील मुंबईला बाजारात हमाल, घरी आई आणि बारा शेरडं. मुलगी पुण्यातल्या एका ऑफिसचं काम घरी बसून करायची. तिचं पॅड वेड्यासारखं वागत होतं. बाण आपोआप उड्या मारायचा, नको ते उघडायचा. आप्पांनी पॅड पुसलं, आतली पट्टी काढून पुन्हा बसवली, मुलीचं बोट फिरवून घेतलं. झकास चाललं. आठ दिवसांनी ती परत आली. आप्पांनी नवीन पॅड टाकलं. दुकानात झकास चाललं. चार दिवसांनी ती पुन्हा दारात. यावेळी आई बरोबर होती. नऊवारीचा पदर खोचलेली, उन्हाने काळवंडलेली बाई.

"हितं चालतंय आनि घरात न्हाई," आई म्हणाली. "का हितं दावण्यापुरतं चालवताय?"

आप्पांच्या दुकानातून गेलेला लॅपटॉप कधी परत आला नव्हता, आणि हा तिसऱ्यांदा आला होता. पार्टिशनच्या माझ्या बाजूला तीन गिऱ्हाइकं ऐकत होती. मुलीने सांगितलं, ऑफिसने सोमवारपर्यंत सांभाळून घेतलंय, नाहीतर पुण्याला येऊन बसा म्हणतात. आई म्हणाली, "गेली तर गेली. पर मला शेरडांत एकटीला सोडून जायाचं तिला जिवावर येतंय, म्हणून हे हेलपाटं."

आप्पांनी लॅपटॉप फिरवून चार्जरचं भोक पाहिलं. मग मुलीला म्हणाले, "चार्जर लावलेला असतो?"

"कायम. बॅटरी टिकत नाही."

"लॅपटॉपवर मनगट टेकलं की मुंग्या येत्यात?"

मुलगी चकित झाली. "येतात. मला वाटलं बसून बसून येतात."

"दुखणं हेच्यात न्हाई," आप्पा म्हणाले. "घरात हाय. घर बघितलं पायजे."

रविवारी आम्ही दोघं मायणीवरून एसटीने मुलीच्या गावी गेलो. मी का गेले, तर मुलीला त्यांच्याकडे मी पाठवलं होतं आणि माझ्याही नावाचा प्रश्न होता. शिवाय आप्पा म्हणाले होते, "चला, बोट लागंल." मायणी सोडली की हिरवं मागे राहतं आणि दोन्ही बाजूंना नुसती माळरानं लागतात. आप्पा खिडकीतून बाहेर न बघता मांडीवरच्या पिशवीत हात घालून वायरी मोजत होते.

दोन खोल्यांचं घर. दाराशी मुलीची बॅग भरून ठेवलेली. आप्पांनी भिंतीवरच्या मीटरखालून जमिनीत जाणारी अर्थिंगची वायर शोधली. एक बल्ब घेतला आणि त्याची एक वायर करंटच्या भोकात, दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब काजव्याएवढा मिणमिणला.

"जमीन वाळलीया," आप्पा म्हणाले. "ओल न्हाई म्हणून करंट जमिनीत उतरत न्हाई. तो ह्या चार्जरमधनं लॅपटॉपात येऊन बसतोय, आनि पॅडाला वाटतंय बोटंच बोटं लागल्यात. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी वतायला लागंल. दोन बादल्या, चार दिसांनी परत दोन."

आई उंबऱ्यात उभी होती. "काय वतायला लागंल?"

"पाणी."

"टँकर आठवड्यानं येतोय. मान्सं अंघोळीला पाणी मोजून घेत्यात, आनि तुमी भुईला पाजायचं म्हणताय?"

आप्पांनी हातातला बल्ब खाली ठेवला. विट्याला नळ येतो, त्यामुळे हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांनी अंगणात चारी बाजूंना पाहिलं. सगळीकडे तडकलेली माती, आणि मागच्या बाजूला न्हाणीपाशी एक लिंबाचं झाड, पिवळ्या लिंबांनी भरलेलं. घरातलं अंघोळीचं, भांड्याचं सगळं पाणी त्याच्या बुडात जात होतं.

"एक लोखंडी सळई बगा, ती तितं ठोकूया," आप्पा म्हणाले. "तितं तुमीच ओल राखलीया."

"झाडात करंट उतरंल. पाला माझी शेरडं खात्यात."

"उतरत न्हाई. अर्थिंग म्हंजे करंट न्हवं, करंट जायाची वाट." मग त्यांनी तिला पंधरा मिनिटं समजावलं. ते तिला कितपत पटलं ठाऊक नाही, पण शेवटी म्हणाली, "ठोका. झाड मेलं तर विट्याला येऊन दारात बसीन."

मेन स्विच बंद करून आप्पांनी झाडाच्या बुडापासून चार हात अंतरावर ओलीत सळई ठोकली, वायर तिकडे ओढली. स्विच चालू करून पुन्हा बल्ब लावला. तो भक्क पेटला. मुलीने लॅपटॉपला चार्जर लावला आणि बोट फिरवलं. बाण तिच्या बोटामागे गुमान चालला. अर्धा तास चालला. मी सुटले असं मला वाटलं.

आईला वाटलं नाही.

"दुकानात बी पोरीच्याच बोटानं चाललं हुतं. घरी आल्यावर बंद पडलं. हिला वाईट वाटू नये म्हणून मशीन बी हिचंच ऐकत असंल." ती आप्पांकडे वळली. "तुमी लावा की बोट. तीनदा आलो, एकदा बी तुमी सोता लावलं न्हाई. ज्यानं दुरुस्त केलं त्यानं चालवून दावावं."

"पॅड ज्याचं, बोट त्याचं," आप्पा म्हणाले. पण आवाज बारीक झाला होता.

"आमच्यात असं न्हाई. दूध वाईट न्हाई म्हणणारा आदी सोता पितो."

मी मधे बोलणार होते, काहीतरी खोटं, डोळ्याला कमी दिसतं वगैरे. आप्पांनी मला हाताने थांबवलं. ते उंबऱ्यावर बसले, लॅपटॉप पुढे ओढला आणि उजव्या हाताचं पहिलं बोट पॅडवर ठेवून फिरवलं. बाण होता तिथेच राहिला. त्यांनी दुसरं बोट लावून पाहिलं. बाण हलला नाही.

"बगा," आई म्हणाली. "न्हाई चालत."

"चालतंय, बाई," आप्पा म्हणाले. "माझं बोट चालत न्हाई." आणि दोन्ही हात तिच्यापुढे उताणे केले. "तीस वर्सं सोनं गाळलं. ॲसिडनं ठसं गेलं, कातडं वाळून चामडं झालं. कुठलंच पॅड मला ओळखत न्हाई. म्हणून मी दुसऱ्याचं बोट मागतो. आजवर ह्या ताईबिगार कुणाला ठावं न्हवतं."

मुलगी खाली बघायला लागली. मला त्या घटकेला त्या बाईचा मनापासून राग आला होता. ती पुढे येऊन वाकली, आप्पांचे हात बघितले, आणि आपले हात त्यांच्या शेजारी धरले. कुऱ्हाडीने, दोराने, तव्याने घट्टे पडून तिची बोटंसुद्धा तशीच झाली होती.

"रेशनच्या मशीननं माझं बोट कवा घेतलंय?" ती म्हणाली. "हिनं एकदा मला हितं बोट लाव म्हणली. बाण हलला न्हाई. मला वाटलं, मशीनला कळत असणार, बाई अडाणी हाय. तवापासनं मी हेला शिवली न्हाई."

"आई, तू बोलली नाहीस कधी," मुलगी म्हणाली.

"काय बोलायचं त्यात." ती मग आप्पांकडे बघून म्हणाली, "पर बोटाला कळत न्हाई म्हणून अडून कुठं बसतंय कोण? करडाला ताप हाय का न्हाई ते मला बोटानं कळत न्हाई. मी पाठ लावती." तिने बोट दुमडलं आणि मधल्या पेराची पाठ, जिथलं कातडं अजून मऊ होतं, ती पॅडवर टेकवली आणि सरकवली.

बाण सरकला.

तिने हात काढून घेतला, जणू चटका बसला. मग पुन्हा ठेवला. बाण वर नेला, खाली आणला. "कुठं न्यायचा आता?" तिने मुलीला विचारलं. मुलगी म्हणाली, "ने तुला पाहिजे तिथं," आणि रडू लागली. आई म्हणाली, "रडतीस कशाला, चालतंय की." मग लॅपटॉप आप्पांकडे ढकलला. "लावा पाठ."

आप्पांनी पाठ लावली. मी दुसरीकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांना दिसलेलं मला नको होतं. ज्या माणसाने तालुक्यातली शेकडो पॅडं नीट केली, त्याच्या बोटाखाली पहिल्यांदा बाण चालत होता, आणि ही युक्ती त्याला शेरडं राखणाऱ्या बाईने दिली होती.

परतीच्या एसटीत आप्पा खिडकीतून बाहेर बघत बसले.

सोमवारी त्यांचे जुने गिऱ्हाईक, माध्यमिकचे एक मास्तर, दुरुस्त झालेला लॅपटॉप न्यायला आले. सवयीने हात धुऊन आले आणि सवयीने बोट पुढे केलं. पार्टिशनच्या या बाजूला मी एकाचं जातीच्या दाखल्याचं काम थांबवून ऐकत होते.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर," आप्पांचा आवाज आला. "मीच बघतो. माझ्या बोटांचं कातडं ॲसिडनं चामडं झालंय, पॅडला कळत न्हाई. म्हणून इतकी वर्सं तुमचं मागायचो. आता पाठ लावतो."

"बरं," मास्तर म्हणाले. "चार्जर यातच ठेवलाय ना?"

एवढंच. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी दाराबाहेर कोण आहे ते बघितलं जायचं, ती मास्तरांच्या एका कानातून गेली आणि दुसऱ्यातून निघाली. मला मास्तरांचा राग आला, मग आमच्या दोघांचा आला. मी स्टुलावर चढून वरच्या फटीतून पलीकडे डोकावले.

आप्पा दुमडलेल्या बोटाने बाण पडद्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेत होते, तिथून तिसऱ्या, तिथून पुन्हा पहिल्या. पॅड केव्हाच तपासून झालं होतं. मास्तरांना दोनदा म्हणावं लागलं, "आप्पा, द्या आता."